‘कंपनीने भंगार विकत घेतलंय, मुलीने तिथे नोकरी करावी का?’

प्रश्न : माझी मुलगी आयटी इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, सीजीपीए ८.४. कॅम्पसमधून तिची ऐरोलीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत निवड झाली. चौकशी केल्यावर कळलं, की या कंपनीने एका बड्या अमेरिकन कंपनीकडून बँका आणि विमा कंपन्यांत चालणारं तीस वर्षांपूर्वीचं सॉफ्टवेअर विकत घेतलंय आणि मुलीला त्याच टीममध्ये घालणार आहेत. मूळ मालकाला नकोसं झालेलं भंगार या लोकांनी उचललं. मी स्वतः ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका केमिकल कंपनीत होतो. ती विकली गेली आणि अडीच वर्षांत गेटला कुलूप लागलं, त्यामुळे कंपन्यांची खरेदी-विक्री काय असते ते मला कुणी शिकवायला नको. तिच्या मावसभावाने एआयचा कोर्स केला, तो आज हिंजवडीत सेटल आहे. त्याच कोर्ससाठी मी पंचवीस हजार टोकन भरलंय, एकूण फी पावणेतीन लाख. सोमवारी तिच्या मेलवरून कंपनीला नकार कळवणार आहे. ती काही बोलत नाही, म्हणजे तिलाही पटलेलं दिसतं. निर्णय बरोबर आहे ना, एवढंच कळवा.
– एक पालक, वर्तकनगर, ठाणे

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

सर्वांत आधी, सोमवारी तो मेल पाठवू नका. नोकरी घ्यायची की नाही ते पुढे बघू. कदाचित सगळं तपासल्यावर नकारच कळवावा लागेल. पण तो तिने कळवायचा. निवड तिची झाली आहे, मेल तिचा आहे, उद्या पुन्हा त्याच कंपनीत अर्ज करायची वेळ आली तर रेकॉर्डवर नावही तिचंच असणार आहे. बावीस वर्षांच्या मुलीच्या नावाने, तिच्या मेलवरून, वडिलांनी नकार पाठवणं याला मी काळजी म्हणणार नाही. हे चुकीचं आहे, आणि ते तुम्हाला स्पष्ट सांगायला हवं.

तुमचं शेवटून दुसरं वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं. ‘ती काही बोलत नाही, म्हणजे तिलाही पटलेलं दिसतं.’ माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी घरांत हेच चित्र असतं. आईवडील बोलत असतात आणि मूल मान खाली घालून पेनाच्या टोपणाशी खेळत असतं. पालकांना जरा वेळ बाहेर बसवलं की तेच मूल घडाघडा बोलायला लागतं, आणि कित्येकदा जे बोलतं ते आत्तापर्यंतच्या चर्चेच्या अगदी उलट असतं. वडिलांनी टोकन भरून टाकलंय, मावसभावाचं उदाहरण रोज जेवताना ऐकायला मिळतंय, अशा घरात मुलगी गप्प बसते ती वाद नको म्हणून. तुमच्या पत्रात कंपनीची माहिती आहे, कोर्सच्या फीची आहे, मावसभावाच्या नोकरीची आहे. मुलीला कोणता विषय आवडतो, शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट तिने कशावर केला, मुलाखतीत तिला काय विचारलं आणि तिने काय उत्तर दिलं, यातलं एक अक्षरही नाही. तुम्हाला ते माहीत नसावं असं मला वाटतं. आज रात्री विचारा. सल्ला न देता विचारा, आणि ती बोलायला लागली की मध्ये ‘अगं पण’ म्हणू नका.

आता तुमच्या भीतीबद्दल. ती मी अजिबात हसण्यावारी नेत नाही. वागळे इस्टेट आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांवर या भागातली एक अख्खी पिढी वाढली. कळवा, दिघा, ऐरोली, रबाळे, तुर्भे, कुठेही गेलात तरी ‘आमची कंपनी विकली गेली’ या वाक्याने सुरू होणारी गोष्ट सांगणारा माणूस भेटतो. आधी नवा साहेब येतो, मग ‘कुणालाही काढणार नाही’ अशी नोटीस लागते, मग ओव्हरटाइम बंद, कॅन्टीन कंत्राटदाराकडे, मग व्हीआरएस, आणि शेवटी हिशोबासाठी लेबर कमिशनरच्या ऑफिसात खेपा. तुम्ही हे सोसलं आहे. त्या वर्षांत घर कसं चाललं असेल हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, पण अंदाज येतो. म्हणून ‘कंपनीने दुसऱ्याचं काहीतरी विकत घेतलंय’ हे शब्द कानावर पडताच तुमच्या पोटात गोळा येतो, हे मला पूर्ण समजतं.

पण एक विचार करा. तुमची कंपनी घेणाऱ्याला नेमकं काय हवं होतं? तुमचे रिअॅक्टर हवे होते, कामगार हवे होते, गिऱ्हाइकं हवी होती, की रस्त्याला लागून असलेली एकरांनी जमीन हवी होती? या पट्ट्यात जिथे धुराडी होती तिथे आज काचेच्या इमारती आणि टॉवर उभे आहेत, ते उगीच नाही. ज्याला जमीन हवी असते त्याच्या दृष्टीने चालू कारखाना ही अडचण असते. कुलूप लागलं की त्याचा फायदा सुरू होतो.

सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्याला जमीन मिळत नाही. त्याला कोडचे हक्क मिळतात आणि दर वर्षी पैसे भरणारी गिऱ्हाइकं मिळतात. कुलूप लावलं तर हातात शून्य उरतं. तुमचा सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे, म्हणून इथे जरा थांबते. मोठी बँक असं सॉफ्टवेअर घेते तेव्हा लायसन्सचे पैसे एकदाच देते, पण देखभालीसाठी दर वर्षी साधारण त्या किमतीच्या पाचव्या हिश्शाइतकी रक्कम भरत राहते. सॉफ्टवेअर तीस वर्षांचं झालं म्हणून बँक ते फेकून देऊ शकत नाही, कारण व्याजाचे, हप्त्यांचे, दंडाचे, सवलतींचे तीस वर्षांत साठलेले सगळे नियम त्याच्या पोटात असतात, आणि त्यातले निम्मे कुठल्याही कागदावर लिहिलेले नसतात. बदलायला गेलं तर काय होतं ते ब्रिटनच्या टीएसबी बँकेने बघितलं. त्यांनी एप्रिल २०१८ मध्ये जुन्या यंत्रणेवरून ग्राहकांची खाती नव्या यंत्रणेवर हलवली आणि सुमारे १९ लाख लोकांना आपल्याच खात्यात शिरता येईना. २०२२ मध्ये तिथल्या नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख पौंडांचा दंड केला. हे उदाहरण समोर असल्यावर कुठल्याही बँकेचा आयटी प्रमुख ‘आहे ते चालू दे, फक्त ते सांभाळणारं कुणीतरी असू दे’ असंच म्हणणार. ते सांभाळणं हाच धंदा आहे, आणि त्याच धंद्यात तुमच्या मुलीला नोकरी मिळते आहे.

मग मूळ कंपनी विकते कशाला, असं तुम्ही विचाराल. मोठ्या कंपनीला शेअर बाजाराला वाढ दाखवायची असते. जुनं उत्पादन नफा देतं पण वाढत नाही, त्यामुळे चांगले इंजिनीअर आणि पैसा दुसरीकडे वळवायचा असतो. एकाला नको म्हणजे सगळ्यांना भंगार, असं नसतं. आपल्याकडचंच उदाहरण देते. लोटस नोट्स हे मेल आणि ऑफिसच्या कामकाजाचं सॉफ्टवेअर १९८९ मध्ये बाजारात आलं. १९९५ मध्ये आयबीएमने साडेतीन अब्ज डॉलर मोजून अख्खी लोटस कंपनीच घेतली. डिसेंबर २०१८ मध्ये नोट्स आणि त्याचा सर्व्हर डॉमिनो, बिगफिक्स, अॅपस्कॅन, युनिका अशी उत्पादनं १.८ अब्ज डॉलरला विकत घेत असल्याचं आपल्या एचसीएल टेक्नॉलॉजीजने जाहीर केलं. बातमी आली त्या दिवशी एचसीएलचा शेअर पडला. बाजारातल्या जाणकारांनाही तेच वाटलं होतं जे तुम्हाला वाटतंय. सौदा २०१९ च्या मध्यावर पूर्ण झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात डॉमिनोची ११ वी आवृत्ती आली, २०२१ मध्ये १२ वी, २०२३ च्या अखेरीस १४ वी. तीस वर्षांपूर्वीच्या उत्पादनाच्या नव्या आवृत्त्या लिहायला माणसं लागलीच ना.

मात्र प्रत्येक खरेदी अशी होत नाही, आणि इथे तुमची शंका रास्त आहे. काही कंपन्या जुनं सॉफ्टवेअर घेतात ते नुसतं पिळायला. माणसं कमी करायची, नवीन काही बनवायचं नाही आणि ज्यांना सोडून जाता येत नाही अशा गिऱ्हाइकांचे दर वाढवायचे. ब्रॉडकॉम या अमेरिकन चिप कंपनीने २०१८ मध्ये सीए टेक्नॉलॉजीज ही जुनी सॉफ्टवेअर कंपनी १८.९ अब्ज डॉलरला घेतली, त्यानंतर तिथे नोकरकपात झाली. २०२३ मध्ये व्हीएमवेअर ही आणखी एक सॉफ्टवेअर कंपनी घेतल्यावर महिनाभरातच एकदा पैसे भरून कायमचं मिळणारं लायसन्स विकणं बंद केलं आणि सगळ्यांना वर्गणीवर आणलं. ब्रॉडकॉमला त्यातून नफा भरपूर झाला, पण नव्याने नोकरीला लागणाऱ्या मुलांनी अशा घरात पाऊल टाकण्याआधी डोळे उघडे ठेवायला हवेत. दुसरा धोका म्हणजे पुन्हा पुन्हा हात बदलणं. कोबोल ही प्रोग्रॅम लिहायची भाषा १९६० सालची. त्या भाषेची साधनं बनवणारी मायक्रो फोकस कंपनी जानेवारी २०२३ मध्ये ओपनटेक्स्टने घेतली, आणि मे २०२४ मध्ये त्यातला कोबोलची साधनं बनवणारा विभाग रॉकेट सॉफ्टवेअरकडे गेला, २.२७५ अब्ज डॉलरला. साठ वर्षं जुन्या तंत्राला एवढी किंमत येते हे खरं, आणि तिथल्या इंजिनीअरच्या गळ्यातलं ओळखपत्र दीड वर्षात दोनदा बदलतं हेही तितकंच खरं.

त्यामुळे ‘जुनं आहे का’ हा प्रश्न सोडून द्या. घेणारा त्यावर खर्च करतो आहे की नाही, एवढं शोधा. ते शोधणं कठीण नाही, आणि शोधायचं काम मुलीचं आहे. तिच्यासाठी खाली लिहिते.

त्याआधी तिथे काम काय असेल ते सांगते, कारण ‘भंगार सांभाळणं’ म्हणजे दिवसभर धूळ झटकणं असं तुमच्या डोळ्यांसमोर येत असावं. समजा, एका विमा कंपनीकडून तक्रार येते. पंचवीस वर्षांच्या मुलाने घेतलेल्या पॉलिसीच्या कागदावर मुदत संपण्याचं वर्ष २०५२ ऐवजी १९५२ छापून आलंय. सकाळी त्या तक्रारीची नोंद, म्हणजे टिकीट, तुमच्या मुलीच्या नावावर पडतं. ती आधी तोच प्रकार आपल्या टेस्ट मशीनवर घडवून बघते. ४९ पर्यंतची वर्षं बरोबर येतात, ५० पासून गडबड होते. मग कोडमध्ये शिरते आणि तिला १९९८ सालची दुरुस्ती सापडते. तेव्हा वायटूकेच्या, म्हणजे दोन आकडी वर्षामुळे २००० साली संगणक गोंधळतील या भीतीच्या, धावपळीत कुणीतरी ठरवलं होतं, की दोन आकडी वर्ष ५० पेक्षा लहान असेल तर ते २००० नंतरचं धरायचं, नाहीतर १९०० चं. त्या वेळी ५० फार लांब होतं. आज ते पॉलिसीच्या मुदतीत येऊन बसलंय. आता हा आकडा नुसता ५० चा ८० करून चालत नाही, कारण १९५५ साली जन्मलेल्या पेन्शनराची जन्मतारीख त्याच ओळीतून जाते आणि तो बिचारा २०५५ साली जन्मणार असं छापून येईल. म्हणजे कुठल्या रकान्याला कुठला नियम हे एकेक करून तपासायचं, त्याच्या चाचण्या लिहायच्या, सिनिअरकडून तपासून घ्यायचं, आणि गिऱ्हाइकाची यंत्रणा एक मिनिट बंद न पाडता दुरुस्ती पोचवायची. एका तक्रारीत मुलगी दुसऱ्याचं कोड वाचायला शिकते, विमा धंदा कसा चालतो ते शिकते, आणि बदल करण्याआधी भीती कशी बाळगायची तेही शिकते. कॉलेजात नवीन कोड लिहायला शिकवतात. दुसऱ्याने लिहून सोडून दिलेलं कोड वाचायला कुणी शिकवत नाही, आणि नोकरीत बहुतेक वेळ तेच करावं लागतं.

एआयच्या कोर्सबद्दल माझं मत कडक आहे. विषय उत्तम आहे, तिने तो जरूर शिकावा. पण हातातली नोकरी सोडून, पावणेतीन लाख भरून, काही महिन्यांच्या सर्टिफिकेटवर नोकरी मिळेल हा हिशोब मला पटत नाही. मावसभावाची नोकरी कोर्समुळे लागली की आधीच्या अनुभवामुळे, हे त्याला एकदा नीट विचारा. कोर्सवाल्यांनी प्लेसमेंटची हमी दिली असेल तर ती लेखी मागा, आणि त्यात ‘सहाय्य’ लिहिलंय की ‘हमी’, ते बघा. नोकरीत असताना संध्याकाळी शिकता येतं, आणि त्याचं बरंच साहित्य फुकट उपलब्ध आहे. जुन्या कोडचा अर्थ लावायला, त्याच्या चाचण्या लिहायला आज एआयचीच मदत घेतली जाते, म्हणजे ऐरोलीच्या त्या टीममध्ये तिला ते वापरायलाही मिळू शकेल. टोकन परत मिळण्याची अट पावतीवर काय आहे ते वाचा आणि परताव्याचा अर्ज मेलवर करा, फोनवर नको. पंचवीस हजार बुडालेच तर बुडाले. ‘भरलेत ना आता’ म्हणून उरलेले अडीच लाख त्यांच्यामागे घालवू नका.

पुढे शिकायचं मनात आलं तर गेट, सीईटी देऊन एमटेक किंवा एमबीए, हे मार्ग नोकरी करूनही खुले राहतात, त्यावर आज वेळ घालवत नाही.

आता हे पत्र मुलीच्या हातात द्या. यापुढचं तिच्यासाठी आहे.

बाळ, तुझं नाव मला माहीत नाही, तुझ्या बाबांनी लिहिलेलं नाही. ही नोकरी घे असं मी सांगत नाहीये. घ्यायची की नाही ते ठरवायला पुरेशी माहिती मिळव, एवढंच म्हणते आहे. एचआरला तुझ्या स्वतःच्या शब्दांत मेल लिही. या उत्पादनाची शेवटची आवृत्ती कधी आली आणि पुढची कधी येणार, ते विचार. दोन वर्षं काहीच आलं नसेल आणि पुढचंही कुणी सांगू शकत नसेल, तर तुझ्या बाबांची शंका खरी धर. मूळ कंपनीतले किती इंजिनीअर या टीममध्ये आले, तेही विचार. कोड लिहिणारी माणसं बरोबर आली असतील तर तुझं शिक्षण होईल. सगळेच नवीन असतील तर तुम्ही अंधारात चाचपडत बसाल, आणि विकणारी कंपनी ठरलेल्या मुदतीनंतर मदत थांबवते तेव्हा पंचाईत होते. तिसरं म्हणजे तुझी भूमिका. नुसते फोन घेऊन तक्रार पुढे ढकलायची आहे की कोडमध्ये हात घालायचा आहे? सपोर्टमध्ये सुरुवात झाली तरी चालेल, पण किती महिन्यांनी डेव्हलपमेंटकडे जाता येतं, ते तिथे आधी गेलेल्या मुलांना विचार. तुझ्या कॉलेजचे सिनिअर ऐरोलीत, महापेत, घणसोलीत शेकड्यांनी आहेत, एखाद्याला कंपनीच्या गेटवर चहाला गाठ. एचआर जे सांगणार नाही ते तिथे कळेल.

आत गेलीस तर एक पथ्य पाळ. जुन्या उत्पादनाची स्वतःची भाषा असेल, स्वतःचे डावपेच असतील, ते शिकच, पण फक्त त्यातच रुतू नकोस. ती भाषा जगात अजून चार कंपन्या वापरत असतील तर तू त्या चार कंपन्यांची बांधील होशील. जावा, सी++, एसक्यूएल, लिनक्स यांच्यावर हात बसेल अशी कामं मागून घे. जुनं उत्पादन क्लाउडवर न्यायचं काम निघालं तर सगळ्यात आधी नाव दे, कारण जुनं आणि नवं दोन्ही समजणारी माणसं फार कमी असतात आणि त्यांना चांगला पगार मिळतो. दोन-तीन वर्षांनी थांबून बघ. शिकणं बंद झालं असेल तर ऊठ आणि दुसरीकडे जा, त्यात कसलाही बेइमानपणा नाही.

आणि आजवर गप्प का होतीस, ते बाबांना सांग. त्यांची कंपनी बंद पडली तेव्हा काय झालं, तेही त्यांना एकदा सविस्तर विचार. तुझ्या नोकरीवरचा त्यांचा राग तिथून आला आहे, तुझ्यावर अविश्वास म्हणून नव्हे.

ऑफर लेटर आलं की सही करण्याआधी मला पाठव. बाँडचं पान आधी, रक्कम आणि मुदत दोन्ही दिसतील असं. मूळ मार्कशीट जमा करायला सांगत असतील तर देऊ नकोस, झेरॉक्स दे.